खंडेनवमीला आलेला रोबो

“तो स्क्रू ड्रायव्हर जरा हिकडं द्या बगू,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

हेरंबला वाटलं, आप्पांना त्याच्या खेळात गोडी वाटायला लागली. मोठ्या उत्साहानं त्यानं खोक्यातला तो बोटाएवढा, पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूची एक पाकळी टाकली आणि पाटावर मांडलेल्या पान्यांच्या, पकडींच्या, कानशींच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवला. मग डोळे मिटून हात जोडले.

“झालं,” ते म्हणाले. “आता उद्या सकाळपत्तोर त्येला सुट्टी.”

हेरंबनं माझ्याकडं बघितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या वडलांचं, आप्पांचं, वर्कशॉप. खाली लेथ आणि ड्रिल मशीन, वर आम्ही. खंडेनवमीला आमच्याकडं मशीनं धुऊनपुसून, तेल देऊन त्यांना हार घालायचे, सगळी हत्यारं पाटावर मांडायची, पूजा करायची, नारळ फोडायचा. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळी आप्पा स्वतः फुलं उतरवीपर्यंत कशाला म्हणून हात लावायचा नाही. पान्याला नाही, हातोडीला नाही, मशीनवरच्या वाळलेल्या फुलालासुद्धा नाही. एका वर्षी एका नगरसेवकाची बोअरची मोटार नेमकी याच दिवशी जळाली. तो स्वतः दारात येऊन उभा राहिला. आप्पांनी त्याला चहा पाजला, नवरात्रातल्या गोड कडाकण्या खायला घातल्या आणि पाण्यासाठी आमची बादली देऊन परत पाठवला.

आणि अशा दिवशी हा भूगोलाचा मास्तर आमच्या घरात रोबो जोडायला आला होता!

हेरंब केळुसकर कुडाळचा. आमच्या वर्कशॉपमागच्या शाळेत शिकवायचा. लेथच्या आवाजानं पोरांना काही ऐकू येत नाही म्हणून तो एकदा भांडायला आला. आमच्याकडं गिऱ्हाईक, बिलं आणि भांडणं हे सगळं माझ्याकडं असायचं, त्यामुळं भांडण माझ्याशी झालं. ते इतकं छान झालं की पुढच्या आठवड्यात तो परत आला, तेव्हा तर लेथ बंद होता. असं आमचं जमलं.

माझी आई मी लहान असतानाच गेली. आप्पांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, मला वाढवलं. आप्पा मला शाळेत पोचवायला यायचे तेव्हा माझ्या वेणीला ग्रीसचा वास यायचा, कारण वेणी तेच घालायचे. त्यामुळं मी हेरंबला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “हे बघ, पळून मी येणार नाही. गुपचूप रजिस्टर लग्न करणार नाही. आप्पा हो म्हणाले तर हो. नाही म्हणाले तर तू तुझ्या वाटेनं जा, मी माझ्या.” बोलताना मी मोठी ठाम होते. घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत रडले ते वेगळं.

आप्पांना त्याची जात खुपली नाही, गावही खुपलं नाही. “हातानं काय येतं त्येला?” एवढंच त्यांनी विचारलं. नकाशे फार सुंदर काढतो, असं मी सांगितलं. आप्पा बराच वेळ हसले. मग म्हणाले, “बोलव नवमीला. वर्कशॉप बंदच असतंय. बगू तरी तुझा नकाशा.”

मी हेरंबला पढवलं होतं. पेढे आण, वाकून नमस्कार कर, कमी बोल. पण या माणसाला स्वतःची अक्कल चालवायची फार हौस. मशीनवाल्या माणसाला पेढे काय द्यायचे, असा विचार करून त्यानं पुण्याहून रोबोचं किट मागवलं. खोलीवर ते जोडलं, खोललं, परत जोडलं, परत खोललं, पाठ केलं. आणि आप्पांसमोर झटकन जोडून दाखवून त्यांना गार करायचं, असा बेत करून तो आला. मला यातलं अक्षर सांगितलं नाही. मला म्हणे चकित करायचं होतं. झाले मी चकित!

“काका,” हेरंब चाचरत म्हणाला, “स्क्रू ड्रायव्हरशिवाय हे जोडता येणार नाही.”

“का बरं? हात हाईत की तुमास्नी.” आप्पांनी स्टूल ओढलं आणि समोर ठाण मांडलं. “जोडा हातानं. घाई न्हाई. पुढं चाललं तर पुढचं बोलू आपण. न्हाई चाललं तर चा घ्यायचा आणि सुटायचं.”

हसत हसत म्हणाले, पण मी आप्पांना ओळखत होते. गिऱ्हाइकाला एकदा दिलेला शब्द ते फिरवत नसत. 

“आप्पा, असं कुठं असतंय का?” मी म्हटलं.

“तू गप बस. तुझं काम न्हाई ह्यात.”

माझ्या लग्नात माझं काम नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्कानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

हेरंबनं वर्कशॉपच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर सगळं ओतलं. प्लास्टिकची आरपार दिसणारी पट्टी, दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकं, एक भिरभिरं छोटं चाक, वायरी, आणि तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. मग त्यानं खिशातून नाणं काढलं.

“लक्ष्मी,” आप्पा म्हणाले. “लक्ष्मीबी पूजेत हाय.”

नाणं खिशात गेलं. किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर बाहेर आलं.

“कापतंय न्हवं? मग हत्यार.”

मास्तरच तो, त्याच्या पिशवीत फूटपट्टी होती.

“मापाचं हत्यार. आमचा व्हर्नियर पाटावर हाय, दिसला न्हाई?”

मी डोक्यातला आकडा काढून दिला. त्यावर आप्पांना हरकत घेता येईना, पण पहिल्याच स्क्रूला आकडा वाकला. हेरंबनं नखानं फिरवून बघितलं. नख तुटलं. तो “आई गं” म्हणाला आणि आप्पांच्या मिशीखाली हसू फुटलं. मला असा संताप आला त्यांचा!

शेवटी आक्काला दया आली. विळी पूजेत असल्यामुळं ती कोपऱ्यात बसून सोलाण्यानं बटाट्याची सालं काढत होती. तिनं सोलाणं पदराला पुसलं आणि हेरंबपुढं धरलं. “घे रं बाबा. टोक हाय त्येला.”

“आक्का!” आप्पा गरजले. “हत्यारच की ते!”

“व्हय? मग घाल पूजेत. आणि रातच्याला सालासकट खा बटाटी.”

आप्पांना आक्काच्या बटाट्याच्या भाजीपुढं कायदा चालवता येत नसे.  सोलाण्याचं टोक स्क्रूच्या खाचेत बरोबर बसलं आणि हेरंबचं काम सुरू झालं.

आता आप्पांची खरी परीक्षा लागली. स्वतःच्या डोळ्यांदेखत कुणीतरी मशीन जोडतंय आणि आपण हात लावायचा नाही, ही शिक्षा त्यांनी स्वतःच स्वतःला करून घेतली होती. आधी ते स्टुलावर होते. मग स्टूल पुढं सरकलं. मग ते उकिडवे बसले. थोड्या वेळानं तर त्यांचं डोकं आणि हेरंबचं डोकं एकमेकांना लागायला आलं.

“मोटार उलटी धरलीसा.”

“नाही काका, ही अशीच बसते.”

“वायर आकूड पडंल.”

“पुरेल.”

“आवो, जास्ती आवळू नका, पट्टी तडकंल! आदी चारी स्क्रू हलकं धरायचं, मग एकेक आवळत जायचं...” आणि आप्पांचा हात आपोआप पुढं गेला.

“दत्तू,” आक्का कोपऱ्यातून म्हणाली, “हात मागं.”

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. पण हेरंबनं त्यांचं ऐकलं. सगळे स्क्रू सैल केले आणि ते सांगतील तसे परत आवळले. ते बघून आप्पांचा चेहरा थोडा निवळला. मी लगेच मनात आमचा हॉल बुक करून टाकला.

“आणि हे काय? डोळं?” आप्पांनी विचारलं. पुढच्या बाजूला, एका लहानशा खांबावर चांदीच्या रंगाच्या दोन गोल डब्या होत्या.

“डोळेच म्हणायचे,” हेरंब म्हणाला. “समोर काही आहे का, ते यानं कळतं. काही आलं की तो थांबतो, मागे सरतो, थोडा वळतो. वाट मोकळी दिसली की पुढे जातो. त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.”

“म्हंजे धडकत न्हाई?”

“नाही.”

“हिच्यापरीस शाणं हाय की,” आप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले. हेरंबला हसू आलं. ते त्यानं गिळलं नसतं तर माझ्याकडून मारच खाल्ला असता.

उन्हं कलायच्या सुमाराला रोबो उभा राहिला. हेरंबच्या अंगठ्याला फोड आला होता, शर्टाला बटाट्याचं पाणी लागलं होतं, पण तोंड नुसतं फुललं होतं. त्यानं रोबो उचलून फरशीवर ठेवला आणि बटणाकडं बोट नेलं.

“थांबा, थांबा!” आप्पा ओरडले. “बिनपूजेचं चालवता?”

“दत्तू, पूजा झालेलं मशीन आज चालवत न्हाईत,” आक्कानं आठवण करून दिली.

“ते जुन्याचं. नवी गाडी घेतल्यावर पूजा करून लगीच फिरवून आणतोय का न्हाई? नव्याचं येगळं असतंय.” सबंध दिवस कायदा सांगणाऱ्या माणसानं स्वतःसाठी केवढी मोठी पळवाट काढली! त्यांना तो चालताना बघायची घाई झाली होती, दुसरं काही नाही.

मग रोबोची साग्रसंगीत पूजा झाली. पट्टीवर हळद-कुंकवाची बोटं उमटली. अक्षता पडल्या, त्यातल्या चाकात गेलेल्या हेरंबनं फुंकून काढल्या. आप्पांनी नारळ रोबोवर धरला, तेव्हा मात्र हेरंबचं तोंड पांढरं पडलं. “काका, पाणी... पाणी आत गेलं तर...” तेव्हा नारळ दाराबाहेर फुटला. चाकाखाली लिंबू ठेवायला गेले, तर लिंबू चाकापेक्षा मोठं. मग रोबोच्या वतीनं आप्पांनीच ते टाचेखाली चिरडलं. हार संपले होते, पण दोऱ्यात ओवलेलं एक टपोरं झेंडूचं फूल उरलं होतं. आप्पांनी त्या दोन डब्यांच्या खांबाला दोरा गुंडाळला आणि नव्या गाडीच्या बॉनेटवर सोडतात तसं फूल पुढं सोडलं. दोन पावलं मागं सरून बघितलं, आणि सगळं मनासारखं झाल्यावर म्हणाले, “हं. घ्या अंबाबाईचं नाव.”

हेरंबनं बटण दाबलं.

रोबो गुरगुरला आणि मागं गेला.

“पुढं, पुढं,” आप्पा म्हणाले.

तो थांबला, थोडा वळला आणि परत मागं गेला. पुन्हा थांबला, वळला, मागं. असा मागं मागं सरत तो लेथपाशी गेला, तिथून ड्रिल मशीनपाशी, तिथून आक्काच्या पाटापाशी. पाहुण्यांपुढून पाठ न दाखवता निघालेल्या नव्या सुनेसारखा. आक्का पाय वर घेऊन बसली. “अगं बया, ह्यो तर नुसता लाजतोय!”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आप्पांच्या तोंडावरची सगळी मजा उतरली होती. ते गुडघ्यावर बसून रोबोकडं बघत होते, आणि मला दिसत होतं की त्यांनाही तो पुढं जायला हवा होता. मनापासून हवा होता. पण शब्द दिलेला होता.

“मोटारी उलट्या लागल्यात,” ते म्हणाले.

“नाही काका. मोटारी बरोबर आहेत.”

“मग मागं का सरतंय?”

हेरंबनं रोबो उचलला, बटण बंद केलं. त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. मग आप्पांकडं बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

“आज नाही जमणार बहुतेक,” तो म्हणाला आणि रोबो पूजेच्या पाटाशेजारी हलकेच ठेवून पिशवी आवरायला लागला.

 आक्का चहाचं आधण ठेवायला उठली. चहा म्हणजे शेवट.  आणि तेवढ्यात माझं लक्ष त्या फुलावर गेलं. ते बरोबर दोन्ही डब्यांच्या समोर लोंबत होतं. समोर काही आलं की मागं सरतो, असं या माणसानं आपल्याच तोंडानं सांगितलं होतं. पुढं फूल, कुठंही वळलं तरी पुढं फूल. म्हणजे याला कळलं होतं. चांगलं कळलं होतं आणि हा गप्प बसला होता!

“हेरंब केळुसकर!” मी ओरडले. “तुला म्हाईत हाय तो का मागं जातोय!”

“शर्वरी, जाऊ दे.”

“काय जाऊ दे? ते फूल हाय ना त्याच्या डोळ्याम्होरं? मग बोल की! दातखीळ बसली का? एका झेंडूच्या फुलापायी सोडून निघालास व्हय मला?”

“अगं, अरे-तुरे काय करतीस त्यास्नी?” आक्का आधण ठेवून खाली येताना जिन्यावरूनच म्हणाली.

“तू थांब गं आक्का! मी हितं सबंध दिवस जीव मुठीत धरून बसली, आणि ह्यो बाबा फुलाला भिऊन चा प्यायला निघालाय! जा. जा कुडाळला. नकाशे काढत बस तिथं!”

मला रडू फुटलं. रागानं फुटलं की कशानं, ते आजही सांगता येणार नाही.

हेरंबनं पिशवी खाली आपटली. तो मोठ्यांदा बोलू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“सोडून कोण निघालंय?” तो म्हणाला. “तुला काय वाटलं, मी चहा पिऊन कायमचा जातोय? ते फूल काकांनी पूजा करून घातलंय. तुमच्याकडे ते आज काढत नाहीत. मी सांगितलं असतं तर काकांना एकतर नेम मोडायला लागला असता, नाहीतर माझा रोबो नापास करायला लागला असता. कशाला त्यांना त्यात पाडायचं? उद्या सकाळी काका फूल काढणारच आहेत. उद्या आलो असतो. उद्या नाही चाललं तर परवा आलो असतो. सुट्टी संपली तर शाळा सुटल्यावर आलो असतो. खंडेनवमी वर्षातून एकदाच असते ना? बाकीचे सगळे दिवस आहेत की माझ्याकडे!”

 वरती आधण उकळत होतं, पण आक्का जिन्यावरून हलली नाही.

आप्पा सावकाश उठले. रोबोपाशी गेले, वाकले. फुलाकडं हात नेला आणि अर्ध्यातच थांबवला. मग लांबूनच त्या दोन डब्यांकडं आणि फुलाकडं आळीपाळीनं बघत राहिले.

“म्हंजे मीच आंधळं केलं व्हय त्येला,” ते म्हणाले.

“तसं नाही काका...”

“तसंच हाय.” ते परत स्टुलावर बसले. एकदा डोळ्यांवरून हात फिरवला. “मास्तर, मी तुमास्नी चा पिऊन सुटा म्हनलो. ते ऐकलं न्हवं तुमी?”

“ऐकलं.”

“तरी उद्या येणार हुता?”

“हो.”

“आणि उद्याबी मी न्हाई म्हनलो असतो तर?”

“परवा,” हेरंब म्हणाला. आता त्याचा आवाज पुन्हा त्याच्या नेहमीच्या पट्टीत आला होता. “काका, मला हातानं फार काही येत नाही. ते खरंच आहे. पण मी येत राहतो.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझं नाक वाहत होतं, केस सुटले होते, कारण आकडा स्क्रूपायी वाकला होता. लहानपणी वेणी घालताना बघायचे तसं ते बघत होते, आधीपासूनच जरा हताश.

“हिचं तोंड आयकलंसा न्हवं आत्ता?” ते हेरंबला म्हणाले.

“हो.”

“ते असंच चालतंय. त्येला बटण न्हाई.”

“माहीत आहे काका.”

“मग उद्या येताना एकटं येऊ नका. दसरा हाय. आई-वडलास्नी घिऊन या सोनं द्यायला.” आणि हेरंब नुसताच उभा राहिलेला बघून ते खेकसले, “आवो बगताय काय! कुडाळ काय हितं हाय का? आत्ता फोन लावला तर रातची एस्टी गावंल त्यास्नी!”

हेरंबच्या हातातून फोन दोनदा सुटला. तिसऱ्यांदा मी नंबर लावून त्याच्या कानाला धरला. तिकडं त्याच्या आईनं पहिल्या घंटीलाच उचलला. बिचारी दिवसभर फोनपाशीच बसली असणार. तिनं काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण हेरंबचं बोलणं आम्ही तिघंही कान देऊन ऐकत होतो.

“नाही गं आई,” तो म्हणाला, “मागेच जातोय. पण हो म्हणाले.”